झेब्राफिशच्या पिल्लाचं डोकं कसं बनतं: जबडा, कूर्चा आणि स्नायू स्वतः बघायची पद्धत

दरवर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की एमएस्सीची दोन-तीन पोरं प्रोजेक्टसाठी येतात आणि म्हणतात मॅडम आम्हाला डेव्हलपमेंटवर काहीतरी करायचंय, आणि मी त्यांना हेच देते. मागच्या वर्षी एकीने स्लाईड आणून दाखवली, म्हणाली "मॅडम, निळं तं दिसून राह्यलं, लाल काहीच नाही आलं." या रंगकामात कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, निळी होते आणि हाड लाल. ते लाल का नाही आलं ते पुढे सांगतेच, पण त्या दिवशी वाटलं की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं, कारण ही माहिती तुकड्या-तुकड्यात सापडते, आणि नागपूरच्या साध्या कॉलेज लॅबमध्ये, जिथे एक बरा मायक्रोस्कोप आणि एक फ्रीज एवढंच आहे, तिथे हे कसं करायचं ते कोणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपण जे बघणार आहोत ते साडेतीन-चार मिलिमीटर लांबीचं पिल्लू आहे, आणि त्याचं डोकं म्हणजे जिऱ्याच्या दाण्यापेक्षाही लहान. त्या एवढ्याशा डोक्यात तिसऱ्या दिवशी जबडा असतो, जिभेखालची कमान असते, कल्ल्यांच्या कमानी असतात आणि ते सगळं हलवणारे स्नायूसुद्धा असतात. बहुतेक जण फक्त सांगाडा रंगवतात आणि प्रोजेक्ट संपवतात. तसं करू नका. हाडं, कूर्चा आणि स्नायू एकाच वेळी, एकमेकांच्या आधाराने बनतात, त्यामुळे आधी जिवंत पिल्लाचं तोंड हलताना बघायचं आणि मगच रंगवायचं. हा क्रम उलटा केला की स्लाईडवर नुसत्या निळ्या काड्या दिसतात आणि कोणती काडी कशासाठी ते कधीच कळत नाही.

मासा कोणता? झेब्राफिश. हा आपल्याच भागातला मासा, गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचा अभ्यास करताना फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये त्याचं वर्णन छापलं, आणि आज जगभरच्या लॅबमध्ये तो आहे. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात सहज मिळतो. रंगीत चमकणारे जे विकतात ते घेऊ नका, साधे निळ्या पट्ट्यांचे घ्या. घरी आणल्यावर लगेच अंडी मिळणार नाहीत, दोन-तीन आठवडे त्यांना नीट खाऊ घाला आणि पाणी स्थिर होऊ द्या. नळाचं पाणी थेट वापरू नका, त्यात क्लोरीन असतं, उघड्या बादलीत दिवसभर ठेवा किंवा अ‍ॅक्वेरियमवाल्यांकडे मिळणारं अँटिक्लोरीन टाका.

अंड्यांसाठी १४ तास उजेड आणि १० तास अंधार असा दिवस लावून द्या, साधा टायमर पुरतो. झेब्राफिश सकाळी उजेड झाल्या-झाल्या अंडी घालतात आणि घातलेली अंडी स्वतःच खातात, म्हणून टाकीच्या तळाला कंच्यांचा थर द्या, लहानपणी खेळायचो तेच काचेचे कंचे. अंडी फटींमधून खाली पडतात आणि माशांचं तोंड तिथे पोचत नाही. दिवे लागल्यापासून तासाभराने मासे हलवा आणि पातळ नळीने तळ ओढून घ्या. चहाच्या गाळणीत अंडी धुवा. पांढरी अपारदर्शक झालेली अंडी मेलेली असतात, ती लगेच काढा, नाहीतर बुरशी सगळ्यांना धरते.

अंडी ठेवायला एक साधं मिठाचं पाणी लागतं ज्याला सगळे ई-थ्री म्हणतात. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सोडियम क्लोराईड ०.२९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड ०.०१३ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट ०.०४८ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.०८ ग्रॅम. एवढं कमी वजन साध्या तराजूवर होत नाही, म्हणून पन्नासपट घट्ट स्टॉक करून ठेवा आणि लागेल तसा पातळ करा. एका पेट्री डिशमध्ये पन्नासच्या वर अंडी नकोत, आणि पाणी रोज बदला.

आता तापमान, आणि नागपूरवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा. पुस्तकात जे तास लिहिलेले असतात, ४८ तास, ७२ तास, ते सगळे २८.५ अंश सेल्सिअसचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि डिसेंबरच्या रात्री लॅबमध्ये स्वेटर घालून बसावं लागतं. मग "तिसऱ्या दिवशी रंगवलं" या वाक्याला काही अर्थच उरत नाही. चार्ल्स किमेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये झेब्राफिशच्या अवस्थांचं जे वर्णन दिलं त्यात एक सोपं गणित आहे: तुमच्या पाण्याचं तापमान ०.०५५ ने गुणा, त्यातून ०.५७ वजा करा, आणि पुस्तकातले तास त्या उत्तराने भागा. २५ अंशाला ते उत्तर येतं ०.८०५, म्हणजे पुस्तकातल्या ७२ तासांची अवस्था तुमच्याकडे साधारण ८९ तासांनी येईल. ३३ अंशाला तीच अवस्था ५८ तासांतच. हे गणित २५ ते ३३ च्या मधेच चालवा. त्याच्या वर गेलात तर पिल्लं वाकडी-तिकडी होतात आणि तुम्हाला वाटेल की काहीतरी मोठा शोध लागला.

इन्क्युबेटर नसेल तर थर्माकोलचा डबा, त्यात अ‍ॅक्वेरियमचा हीटर लावलेलं पाण्याचं भांडं, आणि त्या पाण्यावर तरंगत्या डिश, एवढ्यात हिवाळा निघून जातो. उन्हाळ्यात कूलरसमोर डिश ठेवायची चूक पोरं करतात. कूलरच्या वाऱ्याने पाणी उडतं, मीठ घट्ट होतं, तापमानही खाली-वर होत राहतं. झाकण लावा आणि डिश कोपऱ्यात, हवेच्या झोतापासून दूर ठेवा. दर सहा तासांनी तापमान वहीत लिहा, ही वही नंतर सोन्यासारखी कामाला येते.

आणखी एक, अंड्यातून पिल्लू बाहेर आलं म्हणजे डोकं एका ठराविक अवस्थेला पोचलं असं समजू नका. एकाच डिशमधली पिल्लं ४८ ते ७२ तासांच्या मधे कधीही फुटतात. म्हणून मोजमाप अंडं फुटल्यापासून करायचं नाही, फलनापासून करायचं.

आता आत काय चाललंय ते थोडं समजून घेऊ, कारण हे कळल्याशिवाय रंगवण्यात मजा नाही. पहिल्या दिवशी, साधारण १२ ते २४ तासांच्या दरम्यान, होऊ घातलेल्या मेंदूच्या वरच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि खाली चालत जातात. यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. डोक्यात त्यांचे तीन लोंढे असतात. पहिला लोंढा जबड्याच्या कमानीत जातो, दुसरा हायॉइड, म्हणजे जिभेखालच्या, कमानीत आणि तिसरा मागे कल्ल्यांच्या कमानींमध्ये पसरतो. माशाला अशा सात कमानी असतात, पहिली जबड्याची, दुसरी हायॉइड, तिसरी ते सातवी कल्ल्यांची. चेहऱ्याची जवळजवळ सगळी कूर्चा या चालत आलेल्या पेशींची बनते.

स्नायू मात्र त्यांचे नाहीत. स्नायूंच्या पेशी मेसोडर्मच्या, म्हणजे गर्भाच्या मधल्या थराच्या, आणि त्या प्रत्येक कमानीच्या पोटात असतात, त्यांच्याभोवती क्रेस्टच्या पेशी गुंडाळलेल्या. आणि स्नायू ज्या टेंडनने कूर्चेला धरतो तो टेंडन पुन्हा क्रेस्टचा. म्हणजे स्नायू एका घरचा, हाड दुसऱ्या घरचं, आणि दोघांना जोडणारा दोरा हाडाच्या घरचा. त्यामुळे कोणत्या स्नायूने कुठे चिकटायचं यात क्रेस्टचा मोठा हात असतो. उलटंही खरं आहे, ज्या म्युटंट पिल्लांमध्ये स्नायू बनतच नाहीत त्यांच्या कूर्चेच्या पेशी नीट एका रांगेत येत नाहीत, असं प्रयोगात दिसलंय. मला हे फार सुंदर वाटतं, आणि म्हणूनच मी पोरांना दोन्ही बघायला लावते.

दुसऱ्या दिवसाच्या शेवटी कूर्चा दिसायला लागते. ४८ तासांच्या आसपास मेंदूच्या खालच्या दांड्या, आणि त्यानंतरच्या काही तासांत खालचा जबडा आणि हायॉइड. स्नायूही याच काळात, ५० तासांच्या पुढे, एकेक करून तयार होतात. ७२ तासांना तोंड पुढे आलेलं दिसतं, या अवस्थेचं नावच प्रोट्रूडिंग माऊथ आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जबडा हलायला लागतो, आणि पाचव्या दिवशी पिल्लू शिकार करतं. तीन दिवसांत रिकाम्या जागेपासून घास घेण्यापर्यंत! बलक संपत आलेला असतो, त्यामुळे या मुदतीत जबडा जमला नाही तर पिल्लू उपाशी मरतं. नॉर्वेच्या योहान ह्योर्टने १९१४ मध्येच समुद्री माशांबद्दल हा मुद्दा मांडला होता, की बलक संपून पहिला घास घ्यायच्या काळात किती पिल्लं वाचतात त्यावर पुढे त्या वर्षाचे मासे किती ते ठरतं.

आता प्रत्यक्ष काम. सॅम्पल ५४, ६०, ७२, ९६ आणि १२० तासांना घ्या, प्रत्येक वेळी दहा-बारा पिल्लं. ५४ आणि ६० मधे झोप मोडते, पण खरी गंमत त्याच वेळेत आहे, ती सोडू नका. रात्री लॅब उघडी मिळत नसेल तर अंडी दोन वेगळ्या टाक्यांतून घ्या आणि एका टाकीचे दिवे संध्याकाळी लावा, म्हणजे त्या माशांची सकाळ तुमच्या संध्याकाळी होते. आठवडाभर आधी सवय लावावी लागते.

जिवंत बघण्यासाठी ३ टक्के मिथाइल सेल्युलोज करा. पावडर थंड पाण्यात हळूहळू टाका आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, गरम पाण्यात ते विरघळत नाही, गुठळ्या होतात. खळगा असलेल्या स्लाईडवर एक थेंब, त्यात पिल्लू पाठीवर उलटं ठेवायचं, पोट वर. भुवईचा किंवा पापणीचा एक केस काडीला चिकटवून त्याने हलवा, सुई नको. आता खालून बघताय म्हणजे जबडा, हायॉइड आणि कल्ले एकामागे एक दिसतील. भूल देऊ नका, भूल दिली की तेच थांबतं जे बघायचंय. मोबाईल आयपीसला लावून स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवा.

काय बघायचं? ७२ तासांना बहुतेक वेळा तोंड नुसतं उघडं असतं आणि मधूनच एखादा झटका येतो. ९६ ला हालचाल नियमित होत जाते. आणि नीट बघितलंत तर कळेल की तोंड उघडताना आधी तोंडाचा तळ खाली ओढला जातो. छातीकडून एक स्नायू हायॉइडला मागे खेचतो, तो स्टर्नोहायॉइडियस. तळ खाली गेला की आतली जागा वाढते आणि पाणी आत ओढलं जातं, घासासकट. मग गालातला अ‍ॅडक्टर मँडिब्युली जबडा मिटतो, आणि पाणी कल्ल्यांच्या झाकणाखालून बाहेर. या वयात श्वास मुख्यतः कातडीतूनच चालतो, ऑक्सिजनसाठी कल्ल्यांवर भिस्त दुसऱ्या आठवड्यात येते, त्यामुळे चौथ्या दिवशी तोंड हलताना दिसलं तर "श्वास घेतोय" असं थेट लिहू नका. वहीत एका मिनिटात किती वेळा तोंड उघडलं ते लिहा, दहा पिल्लांचं, वेळ आणि तापमानासकट.

स्नायू बघायची एक स्वस्त युक्ती आहे जी मला फार आवडते. स्नायूतले तंतू इतके शिस्तीत रचलेले असतात की ते पोलराइज्ड प्रकाश फिरवतात. पोलराइजिंग शीटचे दोन तुकडे घ्या, एक दिव्यावर आणि एक पिल्लाच्या वर, आणि वरचा तुकडा फिरवत राहा जोपर्यंत सगळं काळं होत नाही. त्या काळोखात स्नायू चमकतात. शेपटीचे स्नायू तर दिवाळीच्या माळेसारखे दिसतात. डोक्यातले बारीक आहेत म्हणून फिके दिसतात, पिल्लू हळूहळू फिरवा, ४५ अंशाच्या आसपास सगळ्यात जास्त उजळतात, मधोमध स्टर्नोहायॉइडियस आणि बाजूला डोळ्याचे स्नायू शोधा. यासाठी मात्र भूल द्या, आणि खाली काचेचीच स्लाईड वापरा, प्लास्टिकची डिश स्वतःच रंग दाखवते. ज्यांच्याकडे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे त्यांनी फॅलॉइडिन हे चमकणारं रसायन वापरावं, ते अ‍ॅक्टिनला चिकटतं आणि एकेक तंतू दिसतो, फक्त त्याआधी पिल्लू मिथेनॉलमध्ये टाकायचं नाही.

पुढच्या पायरीआधी थांबा. हे जीव आहेत. कॉलेजच्या प्राणी एथिक्स कमिटीची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या, नंतर नाही, आणि गाईडच्या समोर करा. पिल्लाला ट्रिकेन या भुलीच्या औषधाचा मोठा डोस द्यायचा, लिटरला ३०० मिलिग्रॅम, आणि ते आम्लधर्मी असतं म्हणून सोडियम बायकार्बोनेटने पीएच ७ ला आणून मगच वापरायचं. हालचाल थांबली म्हणजे मेलं असं नाही, मायक्रोस्कोपखाली हृदय बघा, ते बराच वेळ चालू असतं. बर्फाच्या पाण्यात नेऊन ठेवा आणि हृदय पूर्ण थांबल्याशिवाय फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे पेशी जशाच्या तशा टिकवणाऱ्या द्रावणात, टाकू नका. आणि लागतील तेवढीच पिल्लं घ्या, वीसने काम होत असेल तर पन्नास नकोत.

फिक्सिंग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये, खोलीच्या तापमानाला, दोन तास, हळू हलवत. दोन तास म्हणजे दोन तास. त्या मुलीचं लाल इथेच गेलं होतं. तिने संध्याकाळी पिल्लं टाकली, बस पकडायची होती म्हणून रात्रभर तशीच ठेवली, आणि इतका वेळ ठेवलं की कोवळ्या हाडाचा रंग मार खातो. माझ्याकडूनही पहिल्या वर्षी हेच झालं होतं, पूर्ण बॅच गेली, आणि दोन दिवस मी रंगालाच दोष देत बसले होते. वेळ नसेल तर काम पुढे ढकला. आणि पॅराफॉर्मल्डिहाइड हातमोजे घालून, हूडमध्ये किंवा निदान खिडकी-पंखा चालू ठेवून हाताळा.

रंग दोन. अल्शियन ब्लू कूर्चेतल्या साखरेच्या लांब साखळ्यांना धरतो, अ‍ॅलिझरिन रेड कॅल्शियमला. जुन्या पद्धतीत अल्शियन ब्लू अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये करायचे, आणि मोठ्या माशाला ते चालायचं, पण आपल्या पिल्लाच्या हाडात कॅल्शियम एवढं थोडं की अ‍ॅसिड ते धुवून टाकतं. म्हणून वॉकर आणि किमेल यांची २००७ ची बिन-अ‍ॅसिडची पद्धत वापरायची, त्यात अ‍ॅसिडच्या जागी मॅग्नेशियम क्लोराईड असतं. ५० एमएलसाठी: अल्शियन ब्लू ८जीएक्स १० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराईड हेक्झाहायड्रेट ०.६ ग्रॅम, अ‍ॅब्सोल्यूट इथेनॉल ३५ एमएल आणि पाणी १५ एमएल. पावडर आधी थोड्या पातळ अल्कोहोलमध्ये नीट विरघळवा, मग बाकीचं घाला, आणि फिल्टर पेपरमधून गाळा, नाहीतर पिल्लावर निळे ठिपके बसतात आणि ते जात नाहीत. वेगळ्या बाटलीत अ‍ॅलिझरिन रेड एस, ५० मिलिग्रॅम १० एमएल पाण्यात. वापरायच्या दिवशीच निळ्या द्रावणाच्या १० एमएलमध्ये लाल ०.१ एमएल मिसळा, १ एमएलच्या सिरिंजने बरोबर मोजता येतं.

फिक्स केलेली पिल्लं पाण्याने धुवा, ५० टक्के इथेनॉलमध्ये दहा मिनिटं, मग हे मिश्रण, रात्रभर, हलवत. शेकर नसेल तर बाटली आडवी ठेवा आणि जाता-येता हलवा.

सकाळी डोळे आणि अंग काळंच असेल, ते मेलॅनिन. ते घालवायला ब्लीच: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड आणि २ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईड समान भाग. औषधाच्या दुकानातली बाटली बहुतेक वेळा ६ टक्क्यांची असते, लेबल वाचा आणि तेवढंच पाणी घालून निम्मी करा. बाटलीचं झाकण उघडं ठेवा, वायू निघतो. वीस मिनिटं बघा, डोळे तपकिरी झाले की काढा, पूर्ण पांढरे व्हायची वाट बघू नका कारण बुडबुडे आत शिरून पिल्लू फाडतात. काही जण रंगद्रव्य बनूच नये म्हणून पहिल्या दिवसापासून पाण्यात पीटीयू नावाचं रसायन टाकतात. डोक्याच्या सांगाड्याच्या कामाला मी नको म्हणते, ते थायरॉइडच्या कामात अडथळा आणतं आणि डोक्याच्या वाढीवरच परिणाम करू शकतं.

त्यानंतर ग्लिसरॉल. आधी २० टक्के ग्लिसरॉल ०.२५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये, अर्धा तास ते रात्रभर, मग ५० टक्के, तेवढ्याच पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये. पिल्लू काचेसारखं पारदर्शक होत जातं, आणि हा क्षण मला आजही तितकाच आवडतो.

आता स्लाईड वाचायची. पोट वर ठेवा, आणि जबडा वरच्या बाजूला येईल असं फिरवा. सगळ्यात पुढे धनुष्यासारखी निळी कमान, दोन भाग मधे भेटतात, ती मेकेल्स कार्टिलेज, खालचा जबडा. तिच्या मागच्या टोकाला जो सांधा आहे तिथे वरच्या जबड्याची पॅलेटोक्वाड्रेट भेटते. या सांध्यावर थोडं थांबा. सस्तन प्राण्यांमध्ये हीच दोन टोकं मधल्या कानात गेली आणि हातोडी आणि ऐरण झाली, आणि माशाच्या हायॉइड कमानीतला वरचा तुकडा आपल्या कानातली रिकीब झाला. माझं बोलणं तुम्ही ज्या हाडांनी ऐकता ती तुमच्या स्लाईडवर जबडा धरून बसलीत.

मेकेलच्या मागे मोठा व्ही, टोक पुढे, त्या दोन सिरॅटोहायल. मधोमध छोटी बेसिहायल. सिरॅटोहायलवर ४०एक्सने जा आणि पेशी बघा, ९६ तासांना त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक, एकाच ओळीत लागलेल्या असतात. ६० तासांच्या पिल्लात मात्र गर्दी असते, ओळ नसते. हा फरक दाखवता आला तर तुमचा अर्धा प्रोजेक्ट झाला. व्हीचा कोन मोजा, मोबाईलच्या फोटोवर कोनमापकाने मोजला तरी चालतो, ७२, ९६ आणि १२० तासांचा वेगवेगळा लिहा. ज्या पिल्लाचं काही बिघडलंय त्याचा व्ही पसरट होतो, कधी तर टोक मागे वळतं.

त्याच्या मागे बरगड्यांसारख्या पाच जोड्या, सिरॅटोब्रँकियल. त्या पुढून मागे क्रमाने गडद होत जातात, ७२ तासांना मागच्या जोड्या फिक्या दिसल्या तर तुमचा रंग खराब नाही. अपवाद पाचवी जोडी, ती आधी तयार होते आणि तिच्यावर दात असतात, लाल टोकांचे. झेब्राफिशच्या जबड्यात दात नसतातच, जे काय दात आहेत ते घशात, रोहू-कटल्यासारखेच. बाजूने बघाल तर हायोसिंप्लेक्टिक दिसेल, त्यात एक बारीक भोक असतं, चेहऱ्याच्या नर्व्हची फांदी त्यातून जाते. ते भोक सापडलं की समजा तुम्हाला फोकस करता येतो. आणि खोल फोकस केलात की मेंदूचा तळ, पुढे एथमॉइड प्लेट, मग दोन ट्रॅबेक्युला दांड्या, मागे नोटोकॉर्डच्या, म्हणजे कण्याच्या आधी बनणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना पॅराकॉर्डल. पुढचा भाग क्रेस्टचा, पॅराकॉर्डल मेसोडर्मचे, एकाच कवटीत दोन घरची माणसं.

लाल फार थोडं असेल. तिसऱ्या दिवसाच्या आसपास कल्ल्याच्या मागे एक वाकडी काडी, क्लायथ्रम, आणि झाकणाजवळ ऑपरकल, सुरुवातीला काडी आणि नंतर पंख्यासारखं. ही हाडं कूर्चेतून येत नाहीत, थेट बनतात. पाचव्या दिवशी मेंदूखाली पॅरास्फेनॉइडची लांब पट्टी दिसते. कानात दोन गोल लाल खडे दिसले तर ते हाड म्हणून मोजू नका, ते ऑटोलिथ, कॅल्शियम कार्बोनेटचे.

आता आधी घेतलेला व्हिडिओ परत उघडा आणि स्लाईडच्या चित्रावर स्नायू पेन्सिलने ओढा. मेकेलच्या दोन बाजूंना जोडणारा आडवा इंटरमँडिब्युलारिस, मधोमध छातीकडून हायॉइडला येणारा स्टर्नोहायॉइडियस, गालात अ‍ॅडक्टर मँडिब्युली, झाकणावर उघडणारा डायलेटर आणि मिटणारा अ‍ॅडक्टर ऑपर्क्युली. नावं घाबरवतात, पण बहुतेक नावात पत्ता लिहिलेला असतो, कुठून कुठे किंवा काय करतो. प्रत्येक स्नायूला दोन टोकं शोधा. ज्याचं एक टोक तुम्हाला स्लाईडवर लावता येत नाही तिथे तुमची कूर्चा अजून बनलेली नाही किंवा तुम्ही चुकीचा स्नायू धरलाय.

जुलै-ऑगस्टमध्ये हेच काम रोहूच्या मत्स्यजिऱ्यावर, म्हणजे अगदी कोवळ्या पिल्लांवर, करून बघा. भंडारा-गोंदियाकडे तलाव आहेत, हॅचरी आहेत, आणि मत्स्यजिरे विकत मिळतं. १० जुलै १९५७ ला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्पचं, म्हणजे रोहूच्या कुळातल्या माशांचं, प्रजनन करून दाखवलं, म्हणून आज हे शक्य आहे. रोहूचं अंडं १४ ते १८ तासांत फुटतं, तेव्हा डोक्यात जबडा नसतोच, आणि पुढचे तीनेक दिवस पिल्लू बलकावर जगतं. म्हणजे झेब्राफिश जे अंड्यात बसून करतो त्यातलं बरंच रोहू बाहेर, उघड्या पाण्यात करतो. हॅचरीवाले तिसऱ्या दिवशी खाद्य सुरू करतात ते अनुभवाने, त्यांना विचारा "तोंड कधी उघडतं", ते तास सांगतील. मग तुमच्या स्लाईडशी जुळवून बघा. हे मला स्वतःला अजून नीट करायचंय, सहा-सहा तासांच्या अंतराने.

स्लाईड ठेवायच्या ५० टक्के ग्लिसरॉल आणि ०.१ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये, फ्रीजमध्ये, अंधारात. बाटलीवर मार्करने लिहू नका, ग्लिसरॉल लागलं की पुसतं. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने फलनाची वेळ, तापमान, फिक्स केल्याची वेळ आणि पिल्लांची संख्या लिहा, आणि ती चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका.